घासलेटचा डबा आणि गूगलचं अपील

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोह्याहून भाच्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तो मुद्द्यावर आला. "मामू, गूगलचा शेअर एका दिवसात नऊ टक्के चढला. पण आता अपील होणार म्हणतात. विकू की ठेवू?"

भाचा तिथे एका कंपनीत हिशेब सांभाळतो. चार-पाच वर्षांपासून पगारातून थोडे थोडे पैसे काढून तो अल्फाबेटचे, म्हणजे गूगलच्या मालक कंपनीचे शेअर घेतोय. हे पैसे माझ्या आपाच्या, त्याच्या अम्मीच्या हजसाठी आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आपालाही. त्यामुळे प्रश्न वाटला तेवढा साधा नव्हता. मी म्हटलं, बाबा रे, शेअर बाजारातलं मला काही कळत नाही, इतिहास विचारशील तर सांगतो. तो म्हणाला, तेच सांगा. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहितो, कारण असे भाचे आता कोकणात घरोघरी आहेत.

आधी निकाल काय ते पाहू. अमेरिकेच्या सरकारने २० ऑक्टोबर २०२० रोजी गूगलवर खटला भरला. इंटरनेटवरच्या शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवून धरली, असा आरोप. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी तो मान्य केला. मग शिक्षा काय द्यायची यावर आणखी एक वर्ष गेलं. सरकारचं म्हणणं होतं, क्रोम हा ब्राउझर विकायला लावा. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायाधीशांनी ते नाकारलं. फोनवर फक्त आपलंच शोधयंत्र ठेवा असे करार करायला बंदी घातली आणि काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली, एवढंच. दुसऱ्या दिवशी शेअर नऊ टक्के वर. दोषी ठरलेल्या कंपनीचे मालक एका रात्रीत जास्त श्रीमंत झाले. भाच्याला याचंच कोडं पडलं होतं, आणि मला वाटतं, थोडी लाजही वाटत होती.

असं पहिल्यांदा घडलेलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी घडलं तेव्हा त्या कंपनीचा माल आमच्या सावंतवाडीच्या बाजारात येत होता, पत्र्याच्या डब्यातून.

घासलेटचा तो चौकोनी डबा माझ्या पिढीने रिकामाच जास्त पाहिला. वर लाकडी दांडा ठोकला की विहिरीवरची बादली, कापून सपाट केला की न्हाणीच्या छपराला ठिगळ, झाकण लावलं की तांदळाची कोठी. दादी सांगायची, तिच्या लहानपणी तरावीहच्या नमाजला मशिदीत कंदील लागायचे आणि रमजानआधी मोहल्ल्यातून घासलेटचे पैसे गोळा व्हायचे. तेल मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरायचं, तिथून बैलगाडीने वाडीला. घासलेट हा शब्द गॅसलाइटवरून आला म्हणतात आणि रॉकेल हा रॉक ऑइलवरून. दोन्ही शब्द इतके आपले झाले, की त्यांच्या मागे एखादी कंपनी असेल असं वाटतच नाही.

कंपनी होती. अमेरिकेत जॉन डी. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल. १८८० च्या सुमारास अमेरिकेतलं ९० टक्के तेल शुद्ध करण्याचं काम तिच्या हातात होतं. आज ज्याला आपण टेक कंपनी म्हणतो, तशी ती त्या काळातली टेक कंपनीच म्हणायची. घरात रात्री उजेड आणणारी वस्तू ती विकत होती आणि ती वस्तू जगभर पोचवण्याची तिची व्यवस्था दुसऱ्या कुणाकडे नव्हती. वाईट भाग असा, की रेल्वे कंपन्यांकडून ती गुपचूप भाड्यात सूट घ्यायची, आणि काही करारांत तर प्रतिस्पर्ध्याच्या मालाने भरलेल्या भाड्यातलाही वाटा तिला मिळायचा. समोरच्याने स्वतःला बुडवण्यासाठी स्वतःच पैसे भरायचे!

मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० चा. पण स्टँडर्डवर मोठा खटला भरायला नोव्हेंबर १९०६ उजाडला. त्याआधी आयडा टार्बेल या पत्रकार बाईंनी १९०२ ते १९०४ अशी दोन वर्षं एका मासिकात कंपनीचा सगळा कारभार लिहून काढला होता. १९०७ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात न्यायाधीश लँडिस यांनी स्टँडर्डच्या इंडियाना कंपनीला २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर दंड ठोठावला. त्या काळी ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे फिरले. पुढच्याच वर्षी अपिलात तो दंड रद्द झाला. अपील म्हणजे काय चीज असते हे अमेरिकेला तेव्हा कळलं.

मुख्य खटल्यात मात्र अपील हरलं. नोव्हेंबर १९०९ मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनी मोडा असं सांगितलं आणि १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुदत सहा महिने. रॉकफेलर तेव्हा गोल्फ खेळत होते, आणि बातमी ऐकून त्यांनी सोबतच्या पाद्र्याला स्टँडर्डचे शेअर विकत घेण्याचा सल्ला दिला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

सल्ला बरोबर निघाला. एका कंपनीच्या ३४ कंपन्या झाल्या, पण त्या कुणाला विकल्या नाहीत. ज्याच्याकडे मूळ शेअर होता त्याला प्रत्येक तुकड्यात त्याच्या हिश्शाप्रमाणे शेअर मिळाला. हे समजलं की बाकीचं सगळं समजतं. भावांनी वाडी वाटून घेतली तर वाडी कमी होत नाही. इथे तर सगळे भाऊ सगळ्या वाटण्यांचे मालक राहिले. जानेवारी ते ऑक्टोबर १९१२ या काळात न्यू जर्सीच्या कंपनीचा शेअर ३६० डॉलरवरून ५९५ वर गेला, न्यू यॉर्कच्या कंपनीचा २६० वरून ५८० वर, इंडियानाचा ३,५०० वरून ९,५०० वर. १९१३ मध्ये रॉकफेलर यांची संपत्ती आयुष्यातली सगळ्यात जास्त, सुमारे ९० कोटी डॉलर होती. सरकारने शिक्षा दिली ती अशी.

का वाढले भाव? एक तर मोटारी आल्या आणि पेट्रोलला गिऱ्हाईक आलं, त्याचं श्रेय न्यायालयाला नाही. दुसरं, आतापर्यंत झाकलेले हिशेब उघडे पडले आणि कुठल्या तुकड्यात किती नफा आहे ते बाजाराला दिसलं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंडियाना कंपनीत विल्यम बर्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. जड तेल उष्णतेने आणि दाबाने फोडून त्यातून जास्त पेट्रोल काढायची युक्ती त्यांना सापडली होती. त्यासाठी न्यू यॉर्कच्या मुख्य कचेरीकडे पैसे मागितले तर नकार मिळाला. कंपन्या वेगळ्या झाल्यावर इंडियानाने स्वतःच पैसे दिले, आणि १९१३ मध्ये बर्टन यांना पेटंट मिळालं. मक्तेदारी बाहेरच्यांना जशी दाबते, तशी आतल्यांनाही दाबत असते.

आता न्यू यॉर्कच्या तुकड्याकडे वळू, कारण भारतात तेल विकायचं काम त्याच्या वाट्याला आलं. सोकोनी हे तिचं आखूड नाव. १९२७ मध्ये या सोकोनीने रशियाच्या नव्या सरकारकडून रॉकेल घेऊन भारतात विकायला सुरुवात केली. रॉयल डच शेलचे प्रमुख डेटरडिंग भडकले, कारण क्रांतीनंतर त्यांच्या रशियातल्या तेलविहिरी जप्त झाल्या होत्या आणि हा माल त्यांच्या मते चोरीचा होता. त्यांनी भारतात भाव पाडले, सोकोनीनेही पाडले. दोन परदेशी कंपन्यांच्या भांडणात इकडच्या कंदिलात तेल स्वस्त झालं. पण सप्टेंबर १९२८ मध्ये मोठ्या तेल कंपन्यांचे प्रमुख स्कॉटलंडमधल्या ॲकनाकॅरी नावाच्या गढीत जमले आणि जिथे जो आहे तिथे त्याने राहावं, एकमेकांचं गिऱ्हाईक ओढू नये, असं ठरवून परतले. सतरा वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाने मक्तेदारी मोडली होती त्याचा हुकूम या गढीपर्यंत पोचत नव्हता, आणि वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत तर नाहीच. शेअरवाल्यांना १९११ चा लाभ डॉलरमध्ये मोजून मिळाला. दादीच्या वाट्याला काही महिन्यांची स्वस्ताई आली.

१९३३ मध्ये सोकोनी आणि न्यू जर्सीवाल्यांनी, म्हणजे १९११ च्या दोन तुकड्यांनी, आशियातला धंदा पुन्हा एकत्र केला. स्टॅनव्हॅक ही त्यांची भागीदारी. मुंबईत तुर्भ्याला १९५४ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना तिचाच. पुढे अमेरिकेत तेल कंपन्यांवर पुन्हा मक्तेदारीचा खटला झाला, त्यातल्या तडजोडीनुसार १९६२ मध्ये स्टॅनव्हॅक मोडली आणि भारतातला धंदा एस्सोकडे आला. १९७४ मध्ये भारत सरकारने एस्सो ताब्यात घेतली आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. आज सावंतवाडीत ज्यांच्या घरी एचपीचा सिलिंडर येतो, त्यांच्या स्वयंपाकघरात रॉकफेलर यांच्या कंपनीची खापरपणती नांदते म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत राहिलेले तेच दोन तुकडे एक्सॉन आणि मोबिल या नावांनी ३० नोव्हेंबर १९९९ रोजी परत एक झाले. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या ५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी आहे असा निष्कर्ष दिला होता.

मायक्रोसॉफ्टची कथा मी भाच्याला दोनदा सांगितली, कारण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. ३ एप्रिल २००० रोजी जॅक्सन यांनी कंपनीने कायदा मोडला असं जाहीर केलं. त्या दिवशी शेअर साधारण साडेचौदा टक्के पडला, १०६ डॉलरवरून ९१ च्या खाली. ७ जूनला हुकूम आला, कंपनीचे दोन तुकडे करा. कंपनी अपिलात गेली. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, कायदा मोडला हे खरं, पण तुकडे करण्याचा हुकूम रद्द. खटला चालू असताना जॅक्सन पत्रकारांशी बोलले होते, म्हणून त्यांना प्रकरणातून बाजूलाही केलं. नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारशी समझोता झाला. कंपनी वाचली.

आणि शेअर? डिसेंबर १९९९ चं शिखर त्याने पुन्हा ओलांडलं ते २०१६ मध्ये. मधे सोळा-सतरा वर्षं गेली. लाभांश मिळाला तो वेगळा, पण १९९९ च्या शेवटी ज्याने शेअर घेतले त्याच्या मुलीचं शिक्षण, लग्न, सगळं या काळात होऊन गेलं असेल. अपील जिंकल्याने त्याला काय मिळालं? १९९९ मध्ये इंटरनेटच्या नावावर बाजार वेडा झाला होता, कुठल्याही भावाला शेअर घेतले जात होते. तो फुगा फुटला, त्याच्याशी न्यायालयाचा संबंध फार थोडा. आणि कंपनीचं लक्ष उडालं. बिल गेट्स यांनी २०१९ मध्ये सांगितलं, की या खटल्यात मन गुंतलं नसतं तर फोनचा बाजार त्यांनी अँड्रॉइडला जाऊ दिला नसता. हारलेला माणूस असं म्हणतोच, पण पूर्ण खोटंही नसावं. त्याच काळात एक छोटी कंपनी शोधयंत्र चालवत होती आणि मायक्रोसॉफ्टची तिला चिरडण्याची हिंमत आता उरली नव्हती. तिचं नाव गूगल.

एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचंही असंच. १ जानेवारी १९८४ रोजी तिच्यातून सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या आणि दहा शेअर असणाऱ्याला प्रत्येक नव्या कंपनीचा एकेक मिळाला. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, गोष्ट तीच आहे.

आपल्याकडचा अनुभव दंडाचा आहे. २०१८ मध्ये दोन तरुण संशोधक आणि कायद्याचा एक विद्यार्थी अशा तिघांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे अँड्रॉइडबद्दल तक्रार केली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि फोन कंपन्यांवरच्या अटी सैल करायला सांगितलं. आकडा ऐकून आपले डोळे विस्फारतात. पण अल्फाबेटचा २०२२ चा निव्वळ नफा सुमारे ६,००० कोटी डॉलर होता. भागाकार केला तर दंड म्हणजे साधारण एका दिवसाचा नफा. अपील न्यायाधिकरणाने अपील ऐकण्याआधी दहा टक्के रक्कम भरायला लावली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हुकूम थांबवायला नकार दिला, आणि २९ मार्च २०२३ रोजी न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून आयोगाच्या दहापैकी चार सूचना काढून टाकल्या. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेअरवाल्याने दंडाची काळजी करायची नसते, काढून टाकलेल्या सूचना कुठल्या ते पाहायचं असतं. नफा त्यांच्यात असतो. प्ले स्टोअरच्या दुसऱ्या प्रकरणात तर ९३६.४४ कोटींचा दंड मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला.

इथपर्यंत भाचा ऐकत होता. मग त्याने जे विचारलं ते मला अपेक्षित होतं. "मामू, अशा कंपनीत पैसे ठेवणं जायज आहे का? आणि तेही हजचे?"

मी मुफ्ती नाही, हे त्याला सांगितलं. दोह्यात जाणकार आलिम आहेत, त्यांना विचार म्हटलं. पण फिक्हच्या इतिहासात या प्रश्नाच्या बाजूने जाणाऱ्या दोन वाटा आहेत, त्या सांगाव्याशा वाटल्या. एक इहतिकारची, म्हणजे लोकांच्या गरजेची वस्तू भाव चढावा म्हणून दाबून ठेवण्याची. ती निषिद्ध, यावर सगळ्यांचं एकमत. वाद होता तो कुठल्या वस्तूला हा नियम लागू यावर. इमाम अबू हनीफा यांच्या मते प्रामुख्याने अन्नधान्याला. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ, जे खलिफा हारून रशीद यांचे काझी होते, ते म्हणाले की जी वस्तू अडवल्याने लोकांना त्रास होतो ती प्रत्येक वस्तू यात येते. गुरूशी मतभेद करणारा हा काझी रोज बाजाराचे तंटे ऐकत असणार, असं मला नेहमी वाटतं.

दुसरी वाट गूगलच्या प्रकरणाला जास्त लागू पडते. मदिनेत बाहेरगावचे तांडे माल घेऊन येत. काही व्यापारी गावाबाहेर जाऊन, तांडा बाजारात पोचण्याआधीच माल उचलत. विकणाऱ्याला बाजारभाव कळायचा नाही आणि गावच्या गिऱ्हाइकाला निवड उरायची नाही. पैगंबरांनी (स.) याला मनाई केली. तलक्की म्हणतात त्याला. आंबोलीचा घाट उतरून येणाऱ्या गाड्या दाणोलीलाच थांबवून कुणी माल उचलला, तर वाडीच्या बाजारात काय उरेल? मेहता यांच्या निकालात गूगलचा जो मुख्य दोष ठरला तो जवळपास हाच. नव्या फोनवर आपलंच शोधयंत्र आधीपासून असावं म्हणून गूगलने एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २,००० कोटी डॉलर दिले. गिऱ्हाईक बाजारात शिरण्याआधीच रस्त्यात गाठलं. शोधयंत्र चांगलं आहे हे न्यायाधीशांनीही मान्य केलं. तरीही रस्त्यात उभं राहण्यासाठी एवढे पैसे का मोजावे लागले?

आणि शेअर घेतला म्हणजे आपण प्रेक्षक राहत नाही, शरीक होतो. नफ्यात वाटा आहे तर त्या दोन हजार कोटींतही कणभर वाटा आहे. भाचा गप्प झाला. मला वाटलं, जास्त बोललो. म्हणून पुढचं हलक्या आवाजात सांगितलं, की फोन अँड्रॉइडचा, रस्ता बघायचा गूगलवर, दर्स ऐकायचा यूट्यूबवर, तेव्हा वाडीत बसलेला मामूही या धंद्यातून पूर्ण बाहेर नाही.

आता अपिलाचं. ते कधी लागेल आणि कसं लागेल हे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. जुनी प्रकरणं पाहिली तर तुकडे झाले म्हणून मालक बुडाला असं दिसत नाही. उलट न झालेल्या तुकड्यांच्या आनंदात चढ्या भावाला घेणारा अडकला असं दिसतं. गूगलच्या बाबतीत जाहिरातीच्या व्यवस्थेचा दुसरा खटलाही आहे, त्यात एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश ब्रिंकेमा यांनी कंपनीला दोषी धरलं. युरोपातल्या खरेदी-सेवेच्या प्रकरणात २४२ कोटी युरोंचा दंड २०१७ मध्ये झाला आणि शेवटचा निकाल १० सप्टेंबर २०२४ रोजी आला, सात वर्षांनी. अशा मुदतींवर घरातला खर्च बसवता येत नाही. हजच्या अर्जाची मुदत असते, कुर्ऱ्यात नाव लागलं की हप्त्यांच्या तारखा ठरतात, आणि आपाचे गुडघे अपिलाची वाट बघत थांबायचे नाहीत.

महिन्याभराने भाच्याचा परत फोन आला. आलिमांशी त्याचं बोलणं झालं होतं, काय झालं ते मी विचारलं नाही. हजला लागतील तेवढ्या रकमेचे शेअर त्याने विकले आणि पैसे इकडे पाठवले. बाकीचे ठेवलेत, आणि त्यांच्या नफ्यातला काही भाग दरवर्षी गावच्या मदरशातल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना द्यायचा असं ठरवलंय म्हणाला. आपाला मी स्टँडर्ड ऑइल, मेहता, अपील यातलं काही सांगितलं नाही. उद्या सकाळी फॉर्मसाठी फोटो काढायला गांधी चौकात जायचंय, एवढं सांगितलं. तिने विचारलं, पांढरी ओढणी चालेल ना?